अक्षरी चौदा

३ फेब्रुवारी १९९८

आमच्या स्टोअरला रिकामे ड्रम पुरवणारे लोक दर जानेवारीत एक डायरी देतात. ती मी घरी नेऊन ज्ञानूला द्यायचो. ती तिच्यात प्रोग्रॅमच्या ओळी लिहायची. यंदाची डायरी महिनाभर टेबलाच्या खणात पडून होती. कोरी वही वाया घालवणं बरं नाही, म्हणून मीच लिहायला घेतो आहे.

आज एक चमत्कारिक प्रकार झाला. सकाळी २२ नंबरच्या मालाचे सहा ड्रम आले. सील शाबूत, मुदत दोन वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी २०००. कॉम्प्युटरवर नोंद केली. दुपारी उत्पादन खात्याने एक ड्रम मागितला, तर पडद्यावर आलं : MUDAT SAMPLI. MAL DETA YET NAHI. आजच आलेल्या मालाची मुदत संपली कशी? तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. शेवटी खात्याला उद्यावर टाकलं.

ज्ञानू असती तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं.

ज्ञानेश्वरी, माझी मुलगी. वाशीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि आमच्याच तळोज्याच्या फॅक्टरीत लागली. स्टोअरचा सगळा प्रोग्रॅम तिनेच लिहिला. गेल्या ऑक्टोबरात कावीळ झाली आणि अकरा दिवसांत गेली. तेवीस वर्षांची होती. एकदा लिहून ठेवलं, पुन्हा लिहिणार नाही.

५ फेब्रुवारी

वर्क्स मॅनेजर उदयसिंह साहेबांनी बोलावलं.

"बाबर, हे सन दोन हजारचं लफडं आहे. सगळीकडे बोंब चालू आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे आहेत ना?"

मी म्हणालो, बघावं लागेल.

"बघणार कोण?" असं म्हणाले आणि मग कागद चाळत बसले. माणूस वाईट नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "तयार पॅकेज मिळतं. स्टोअरचं, परचेसचं, सगळं त्यात असतं. शिवाय जुनं मशीन ते एक्स्चेंजमध्ये नेतात. मी तुमच्यावर लादत नाही. रोज वापरणार तुम्ही. दोन्ही नीट बघा आणि पंधरा एप्रिलपर्यंत लेखी मत द्या. तुम्ही म्हणाल तसं करू."

जुनं मशीन नेतात म्हणजे प्रोग्रॅमही जाणार. हे फक्त माहिती म्हणून इथे लिहून ठेवतो. ऑफिसचं काम आहे, ते ऑफिससारखंच बघायचं.

१० फेब्रुवारी

पॅकेजवाल्यांचा फोन आला. त्यांचा माणूस 1४ तारखेला येणार. तोवर २२ नंबरच्या ड्रमची नोंद मुदत डिसेंबर ९९ अशी खोटीच केली, तेव्हा मशीनने माल सोडला. पस्तीस वर्षांत अशी नोंद केली नव्हती.

हल्ली मी अर्धा तास लवकर जातो. मशीन गरम व्हायला वेळ लागतो म्हणून.

१४ फेब्रुवारी

मिथुन म्हात्रे नावाचा मुलगा आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. मूळचा दिघ्याचा, गाववाला. वडिलांची मिठागराकडची जमीन सरकारात गेली, आता चाळीचं भाडं खातात, असं त्यानेच न विचारता सांगितलं. मला वाटलं होतं की विकायला आलेला माणूस आधी कॉम्प्युटरचं बोलेल. याने आधी टपरीवाल्याला दोन कटिंग सांगितले.

"काका, टेन्शन नका घेऊ. आमचं पॅकेज चाळीस कंपन्यांत चालतंय. तुमी फक्त आयटम टाका, बाकी सगळं हाय त्यात."

पॅकेज खरंच चांगलं आहे. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. एक कळ दाबली की कुठला माल किती दिवस पडून आहे ते दिसतं. मागवायची वेळ झाली की आपणहून सांगतं. ज्ञानूच्या प्रोग्रॅममध्ये ते नाही. तिच्या डोक्यात होतं, करायची म्हणत होती.

मग त्याने तिचा प्रोग्रॅम बघितला. सुरुवातीला हसला. "काका, हे इंग्लिशमधलं मराठी कोनी लिवलंय? MAL AHE KA?" मी सांगितलं, माझ्या मुलीने. मग खुर्ची पुढे ओढून बराच वेळ वाचत बसला. जाताना म्हणाला, "डोकं हाय. एकटीनं केलं?" मी हो म्हणालो. ती आता कुठे असते असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने उरलेला चहा तसाच ठेवला.

१९ फेब्रुवारी

मत द्यायचं तर आपल्या प्रोग्रॅममध्ये काय काय आहे ते तरी कळायला हवं. दोन वर्षं वापरला, पण आत कधी डोकावलो नाही. घड्याळ वापरणारा ते उघडून थोडंच बघतो?

ज्ञानूच्या कपाटात हिरवी फाईल होती. तिच्यात प्रोग्रॅमची छापील पानं आहेत, एकशे बारा. पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. वाटलं होतं तितकं अवघड नाही. IF म्हणजे जर, ELSE म्हणजे नाहीतर. आमच्या शाळेतल्या भूमितीसारखं आहे, गृहीत काय आणि साध्य काय. मध्येच तिच्या शेऱ्याच्या ओळी येतात. मशीन त्या वाचत नाही म्हणे, त्या फक्त माणसासाठी असतात. एका ठिकाणी आहे : "इथे का चालतं ते कळत नाही, पण चालतं. हात लावू नये."

मला हसू आलं. बायको, राजाबाई, आतून बघायला आली की काय झालं. काही नाही म्हणालो.

२५ फेब्रुवारी

मुदतीची भानगड सापडली! पान ३७. वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याचे दोन आकडे एकापुढे एक ठेवले आहेत. ९८०२ म्हणजे फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव. मग सन दोन हजार होतं ०००२. मशीनच्या लेखी तो आकडा सगळ्यात लहान, म्हणजे सगळ्यात जुना. तिची चूक म्हणावी तर आहे, पण १९९६ साली दोन हजार फार लांब वाटत होतं.

स्वतः शोधून काढलं याचा दिवसभर आनंद होता. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मालाचे ड्रम हलवणाऱ्या कृष्णातला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे यंत्राला वाटलं, शून्य साल चालू हाय?" अगदी बरोबर. सातवी शिकलेला माणूस, पण पटकन पकडतो.

२ मार्च

मिथुनने एक फॉर्म दिला आहे. तीन रकाने. पहिला, जुन्या पद्धतीतली कोणती गोष्ट तुम्हाला हवीच आहे. दुसरा, दिवसातून किती वेळा लागते. तिसरा, कारण. "कारन लिवल्याशिवाय आमचे साहेब कस्टमायझेशनला हात लावत नाहीत काका," म्हणाला. तयार पॅकेजमध्ये आपल्यासाठी वेगळं काही घालून घेतलं तर त्याला कस्टमायझेशन म्हणतात. तयार शर्ट घेऊन बाह्या आखूड करून घेण्यासारखं.

मी घरी बसून कच्चा फॉर्म भरला. आज त्याने वाचला आणि म्हणाला, "दिवसाला आठ वेळा रिपोर्ट? एवढा काय करता?" मी म्हणालो आठ कुठे, चार लिहिलंय. "हा चार हाय व्हय!" म्हणाला. आजच्या मुलांना मराठी आकडे वाचता येत नाहीत. इंग्रजी शाळांचा परिणाम.

९ मार्च

आठवडाभर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून बघायचं ठरलं. मालाची मागणी आली की दोन्हीकडे नोंद, दोन्हीकडून चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन कृष्णात आत जातो आणि ड्रम काढतो.

नव्या पॅकेजची चिठ्ठी देखणी आहे, रेघांची. कृष्णातने ती उलटसुलट केली. म्हणाला, "बाबरसाहेब, ह्याच्यावर अक्षरी न्हाई."

मी ते विसरूनच गेलो होतो. ज्ञानूच्या चिठ्ठीवर मालाचा नंबर आकड्यात येतो आणि त्याच्या खाली मराठीत अक्षरी. 14, खाली चौदा. 31, खाली एकतीस. पावतीवर 'अक्षरी रुपये' असतं तसं. खरं मराठी, देवनागरी. पडद्यावर सगळं इंग्रजी लिपीत असताना चिठ्ठीवर मराठी कसं उमटतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. रोज बघायचो.

मिथुनही चक्रावला. "ह्या मशीनमदी मराठीचं कार्डच नाय. प्रिंटर मराठी काडतो कुठून?" मग म्हणाला, "पन काका, अक्षरी रक्कम चेकवर लागते. आयटमचा नंबर अक्षरी? अख्ख्या दुनियेत कोन मागत नाय."

मी फॉर्मवर लिहिलं : मालाचा नंबर अक्षरी. दिवसातून चाळीस वेळा. कारण : कृष्णातचं शिक्षण कमी, आकडा वाचण्यात चूक होऊ नये.

का ते लिहून ठेवतो. ऑगस्ट ९६ मध्ये त्याने एकदा १४ ऐवजी १८ नंबरचा ड्रम काढला होता. दोन्ही पांढऱ्या पावडरी, ड्रमही सारखेच निळे. माल शिजवायच्या केटलमध्ये पडल्यावर फेस उसळून झाकण उडालं. माणसं चहाला गेली होती म्हणून कुणाला इजा झाली नाही. तेव्हा चिठ्ठ्या मी हाताने लिहायचो. चिठ्ठीवर मी इंग्रजी 4 काढला होता, मला पक्कं आठवतं. ९३ सालीच सर्क्युलर निघालं होतं की सगळे आकडे इंग्रजीत. कृष्णातला मेमो मिळाला. तो कंत्राटी आहे, कायम व्हायचा होता, ते तेव्हापासून अडकलं. मला वाईट वाटलं होतं. पण चूक ती चूक.

१५ मार्च

मिथुनशी आज दुपारी मोकळं बोलणं झालं. मी विचारलं, तू विकणारा आहेस हे बाजूला ठेव. खरं सांग, आपला प्रोग्रॅम दुरुस्त केला तर चालेल का?

"चालंल की. आत्ता दाखवतो." आणि पान ३७ वरच्या जागी दोन ओळी त्याने मलाच टाइप करायला लावल्या. वर्षाचा आकडा पन्नासच्या आत असेल तर तो दोन हजारच्या पुढचा धर. इतकंच. मशीनने २२ नंबरचा ड्रम सोडला. पडद्यावर MAL AHE आलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो.

मी म्हणालो, "मग पॅकेज कशाला?"

"काका, आज हे निघालं, उद्या दुसरं निघेल. पॅकेजला मी नाय आलो तर दुसरा येतो. घरच्या प्रोग्रॅमचं तसं नसतं. लिवणारा गेला की..."

कान लाल झाले त्याचे.

मी म्हणालो, "बोल, बोल. बरोबर आहे ते."

"सॉरी काका."

"सॉरी नको. मला एक सांग. शेवटच्या वीस पानांवर नुसते आकडे आहेत. ० ते २५५. त्यांचा अर्थ काय?"

त्याने पानं बघितली आणि शीळ घातली. प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक पिना असतात म्हणे. आठ पिनांचा एक उभा रकाना. प्रत्येक पिनेची किंमत ठरलेली, १२८, ६४, ३२ अशी खाली १ पर्यंत. कोणत्या पिना टोचायच्या त्यांची बेरीज म्हणजे तो आकडा. "तुमच्या पोरीनं एकेक अक्षर टिंब टिंब करून काडलंय. येडी हाय का ती!" असं म्हणाला. 'हाय' म्हणाला, 'होती' नाही. मला ते ऐकायला बरं वाटलं.

२२ मार्च

जुईनगर स्टेशनसमोरच्या दुकानातून ग्राफ पेपर आणला. पहिला आकडा २. म्हणजे वरून सातवा चौकोन काळा. पुढचा ६. सहावा आणि सातवा. ओळीने करत गेलो. पहिले दोन तास नुसती खरूज उठल्यासारखं दिसत होतं. मग लक्षात आलं की एका शब्दाच्या दोन पट्ट्या आहेत, वरची आणि खालची. त्या एकाखाली एक लावल्या आणि कागद लांब धरला.

'एक'.

शिरोरेघ सरळ, क चा डोळासुद्धा गोल. किती वेळ बघत बसलो कळलं नाही.

एका शब्दाला पाऊण तास लागतो. चौसष्ट नंबर आहेत. तिने हे कधी केलं असेल? घरी तर आठला जेवून झोपायची. दुपारची डब्याची सुट्टी तिची आणि माझी वेगळी असायची, एवढंच आठवतं.

२९ मार्च

काल पाडवा होता. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून गुढी नाही आणि दारात रांगोळीही नाही. शेजारच्यांच्या गुढ्या दिसत होत्या. राजाबाईने पडदा ओढून घेतला. मी आपला कागद घेऊन बसलो.

ज्ञानू गेल्यापासून आम्ही दोघं कामापुरतंच बोलतो. भांडण नाही. बोलायला विषय नसतो. काल ती चहा ठेवायला आली आणि कागदाकडे बघत उभी राहिली.

"ह्ये कुनी काढलं?"

"मी. म्हणजे ज्ञानूने. मी फक्त भरतोय."

"तुमी उलटं भरताय. आदी ठिपकं मांडायचं, मग रेघ." ती खाली बसली. "ही माझ्या रांगोळीच्या वहीतली अक्षरं हाईत. च ला सात ठिपकं खाली, मग वळसा. माज्याकडनंच घिऊन गेलती ती. म्हनली, आये, ठिपक्यात अक्षर बसवाया शिकीव."

मला ह्याचा पत्ता नव्हता. विचारलं, "कधी?"

"तुमी स्टोअरात असताना. तिनं रजा काढलीवती." मग पेन्सिल माझ्या हातातून घेतली. "सांगा आकडा."

मी आकडा वाचायचा, बेरीज फोडून कोणते चौकोन ते सांगायचं, तिने भरायचं. चौथी शिकलेली बाई, पण माझ्या तिप्पट वेगाने भरते. तिला अक्षर अर्ध्यावरच दिसतं. "सतरा," म्हणते, आणि सतराच असतं. दुपारपर्यंत अकरा शब्द झाले. मध्ये एकदा ती म्हणाली, "पोरीचा ण बघा, पोट फुगीर. शाळंत बाई वरडायच्या." आम्ही दोघंही हसलो. नंतर तिने डोळे पुसले, मी कागद सरळ करत बसलो.

शेवटच्या पानावर चौसष्टनंतर आणखी एक तुकडा आहे. त्याचं नाव A4. प्रोग्रॅममध्ये तो कुठेच वापरलेला नाही, मी दोनदा शोधलं. अक्षरी शब्दांत A4 काय असेल? कागदाचं माप असतं तसं काही? राजाबाईने तो भरला. शब्द नव्हताच. एकच आकडा. खाली एक गाठ, वरची दोन्ही टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली.

मी म्हणालो, "इंग्रजी आठ आहे."

राजाबाई म्हणाली, "आठ कुठला? ह्यो तुमचा चार हाय."

"माझा?"

"कॅलेंडरवर दुधाचं मांडता तसा. आमी मायलेकी हसायचो त्याला. आप्पांचा चार, आठाचा भाऊ."

मी म्हणालो, तसं काही नाही. मग चहा गार झाला म्हणून तिने परत केला.

३० मार्च

A4 च्या वर शेऱ्याची एक ओळ आहे. काल घाईत वाचली नव्हती. "चिठ्ठी १२/८/९६ बघ. फाईलच्या मागच्या खिशात."

हिरव्या फाईलला मागे खिसा आहे हे मला माहीत नव्हतं. आत एक चिठ्ठी होती, माझ्या अक्षरातली. खाली माझी सही.

नंबर लिहिला आहे 1४.

एक इंग्रजी, चार मराठी. पुढचा 1 इंग्रजी दिसल्यावर मागचाही इंग्रजीच असणार असं कुणीही धरेल. सबंध मराठीत लिहिलं असतं तर कृष्णातने बरोबर वाचलं असतं. सबंध इंग्रजीत असतं तरी वाचलं असतं.

मला पक्कं आठवत होतं.

मग ही डायरी मागे चाळली. १० फेब्रुवारीचं पान. मिथुन 1४ तारखेला येणार. तसंच. हात आपलाआपण करतो, मला दिसतसुद्धा नाही.

म्हणजे तिने अक्षरी घातलं ते कृष्णातसाठी नाही. आणि दुसऱ्याच आठवड्यात "आप्पा, आता हाताने चिठ्ठी लिहायची नाही, मशीन छापेल" म्हणाली होती, तेही माझे श्रम वाचावेत म्हणून नव्हे. मी तेव्हा तिला म्हणालो होतो की फार लाड करतेस त्या कृष्णातचे.

ती उठून प्रिंटरला कागद लावायला गेली होती.

१ एप्रिल

कृष्णातला डब्याच्या सुट्टीत बाजूला घेतलं. चिठ्ठी दाखवली. त्याने बघितली आणि मान हलवली.

"म्हाईत हाय मला, बाबरसाहेब."

"तुला कसं?"

"ताईंनी दाखवलीवती. दुसऱ्याच दिशी आल्या. म्हनल्या, कृष्णातदादा, चूक तुमची न्हाई. मी अशी यवस्था करते की परत कुनावर यायची न्हाई. पर आप्पांना माझ्याकडनं सांगवत न्हाई, दोन म्हैने द्या."

"मग?"

"मग काय. एकदा मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या ताई. म्हातारपणी कशाला त्यांना. मेमो काय खातोय का मला?" मग हसला. "खाल्लंच म्हना थोडं."

त्याने डबा पुढे केला. मेथीची भाजी होती. मी खाल्ली.

त्याची दोन मुलं शाळेत आहेत. हे मला आज कळलं. पाच वर्षं रोज समोर आहे.

६ एप्रिल

आता मत द्यायचं आहे आणि रस्ते दोन दिसतात.

जुना प्रोग्रॅम ठेवा म्हणून लिहिलं तर सगळं जिथल्या तिथे राहतं. दुरुस्ती मला आली आहे. अक्षरी चालू राहील. कुणी काही विचारणार नाही. मशीन इथेच राहील.

पण चार वर्षांनी मी निवृत्त होणार. मग पान ३७ कोण उघडणार? मिथुन म्हणाला ते खरंच आहे. आणि ज्ञानूनेच एका शेऱ्यात लिहिलं आहे, "मी नसले तर हे कुणाला कळावं म्हणून सविस्तर लिहिते." ती रजेवर असली तर, असं तिला म्हणायचं असणार.

पॅकेज घ्या म्हणून लिहिलं तर अक्षरीचं कारण त्या रकान्यात लिहावं लागतं. कृष्णातचं शिक्षण कमी, हे कारण आता लिहिता येत नाही.

राजाबाईला दोन्ही सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ती गप बसली ती तुमच्यासाठी. आता तुमी कुनासाठी गप बसनार?"

१० एप्रिल

मिथुनशी फोनवर बोललो. त्यांचे साहेब अक्षरी करून द्यायला तयार नाहीत. प्रत्येक नव्या आवृत्तीला ते पुन्हा बसवावं लागेल, एका गिऱ्हाइकासाठी परवडत नाही. मी विचारलं, चिठ्ठीवर मालाच्या नावाची जागा किती अक्षरांची आहे? तीस, म्हणाला. मी म्हणालो, मग नावाच्या आधी CHAUDA असं टाकलं तर?

तो म्हणाला, "काका, तुमी आमच्याकडं नोकरीला या."

चौसष्ट नावं आहेत. EK, DON, TEEN. मराठीत दिसणार नाही, रांगोळीची टिंबं राहणार नाहीत. पण वाचता येईल. कृष्णातला विचारलं. त्याने एका कागदावरचं वाचून दाखवलं, सी, एच, ए, यू, चौदा. चालंल म्हणाला.

सोळा एप्रिल

काल मत दिलं. पॅकेज घ्यावं असं लिहिलं. कारण सविस्तर दिलं. त्यासोबत मिथुनचा फॉर्म जोडला. साहेब फॉर्म वाचत होते आणि मी उभा होतो. CHAUDA ची युक्ती सुचल्यावर अक्षरीची ओळ काढता आली असती, पण ती मी ठेवली होती. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या रकान्यात मी कृष्णातचं नाव खोडून लिहिलं होतं : "ऑगस्ट ९६ ची चूक माझी. चिठ्ठी जोडली आहे. माझा ४ हा 8 सारखा दिसतो आणि मी आकडे मिसळतो."

त्यांनी चिठ्ठी बघितली. बराच वेळ बघितली.

"बाबर, जुना प्रोग्रॅम ठेवा म्हणाला असतात तर मी ठेवला असता. हे बाहेर आलंच नसतं."

मी हो म्हणालो.

"मेमो तुमच्या नावावर काढावा लागेल. आणि त्याचा काढून टाकावा लागेल. कायम करायचं मग बघू." शेवटचं वाक्य ते खिडकीकडे बघून बोलले, पण बोलले.

आज सकाळी मिथुन माणसं घेऊन जुनं मशीन न्यायला आला. मी म्हणालो, एक चिठ्ठी काढायची आहे, थांबा. तो म्हणाला, "दहा काडा काका." हिरवी फाईल मी घरी नेली आहे. ग्राफ पेपर राजाबाईने तिच्या रांगोळीच्या वहीत घातले. वर्ष झालं की दारात काहीतरी घालायचं म्हणते, काय ते सांगत नाही.

खात्याची मागणी होतीच, १४ नंबरची. नंबर टाइप केला. पडद्यावर MAL AHE आलं. प्रिंटर नेहमीसारखा आधी थांबला, मग एकदा इकडून, एकदा तिकडून गेला. दोन पट्ट्या. कागद फाडून कृष्णातच्या हातात दिला.

त्याने तो लांब धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "चौदा."

मी म्हणालो, "चौदाच."

तो ड्रम आणायला आत गेला.